तारण काय देणार?

वाचकहो, या सदरात मी बहुधा ठेवी, विमा, मृत्युपत्र, वारसनोंद अशा विषयांवर लिहीत असतो. आजचा विषय त्या रांगेत बसणारा नाही. परंतु त्याचा आरंभ एका कर्जप्रस्तावानेच झाला, म्हणून तो येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी सांगलीहून माझ्या थोरल्या बंधूंचा फोन आला. त्यांची हळदीची अडत पेढी. बोलणे मोजके आणि तेही बहुतेक बाजारभावाचे. त्या दिवशी मात्र त्यांचा स्वर चढलेला होता. "तू बँकेत आयुष्य घालवलंस, तूच आता पोरीला समजाव. बी.कॉम. झाली, सी.ए.कडे तिची सोय लावून दिली, आणि ही म्हणते डेन्मार्कला जाऊन नाटक शिकायचंय. ते नाटकही कसलं, तर ज्याला लिहिलेलं पुस्तकच नाही असलं!"

पुढच्याच आठवड्यात पुतणी पुण्यास माझ्याकडे आली. हातात व्यवस्थित लावलेली फाइल होती. व्यापाऱ्याच्या घरची मुलगी असल्याने खर्चाचे अंदाजपत्रकही तिने जोडले होते: विमानप्रवास, व्हिसा, शिबिराचे शुल्क, राहणे, किरकोळ. सारे मिळून दोन लाखांच्या पुढे जात होते. दहा दिवसांचे एक शिबिर आणि त्याला लागून त्याच कंपनीतील एका ज्येष्ठ नटीची कार्यशाळा, असा तीन आठवड्यांचा बेत होता. मी सवयीने प्रश्न विचारीत गेलो. संस्था विद्यापीठाशी संलग्न आहे का? नाही. पदवी अथवा पदविका मिळते का? नाही. तिकडून परतल्यावर नोकरीची शाश्वती? नाही. शैक्षणिक कर्जाच्या कोणत्याही योजनेत हे बसणार नव्हते, आणि खरोखरच दोन बँकांनी तिला तसे सांगितले होते. त्यात त्यांची चूक नव्हती. मी त्या खुर्चीत असतो तर मीही तेच सांगितले असते.

"मग तारण काय देणार?" असे मी काहीशा थट्टेने विचारले. ती म्हणाली, "काका, तारण द्यायला माझ्याजवळ काहीच नाही. तुम्ही फक्त आधी नीट वाचा, मग नाही म्हणा."

तारण हा शब्द उच्चारताच मला एक जुना प्रसंग आठवला. तो मी तोवर घरात कोणालाही सांगितला नव्हता. नोकरीच्या उमेदीच्या काळात एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी असताना एका फिरत्या नाटकमंडळीचे मालक कर्ज मागावयास आले होते. जत्रांचा हंगाम तोंडावर आला होता आणि पडदे, कनाती नव्याने करावयाच्या होत्या. तारण म्हणून त्यांनी कपड्यांच्या दोन पेट्या देऊ केल्या. नियम मला तोंडपाठ होते, मी नकार दिला. ते गृहस्थ उठता उठता म्हणाले, "साहेब, आमच्यातली चौदा माणसं पंधरा वर्षं एका चुलीवर जेवतायत. हे तुमच्या फॉर्मात कुठल्या रकान्यात लिहायचं?" मी हसून वेळ मारून नेली होती. पुतणीची फाइल मी ठेवून घेतली, यामागे त्या प्रश्नाचा वाटा होता हे कबूल केले पाहिजे.

फाइलमध्ये ज्या कंपनीची माहिती होती तिचे नाव ओडिन टिएट्रेट. डेन्मार्कच्या पश्चिम भागात होल्स्टेब्रो नावाचे एक लहान शहर आहे, तेथे ती १९६६ पासून मुक्काम करून होती. तिचे संस्थापक युजेनिओ बार्बा हे मूळचे दक्षिण इटलीचे, जन्म १९३६ चा. लहानपणी वडील गेले. अठराव्या वर्षी त्यांनी नॉर्वे गाठले, तेथे वेल्डर म्हणून आणि जहाजावर खलाशी म्हणून काम केले, विद्यापीठातही शिकले. पुढे पोलंडमध्ये ओपोले या गावी येझी ग्रोटोव्स्की या दिग्दर्शकाजवळ त्यांनी सुमारे तीन वर्षे काढली. रंगमंचावरील झगमगाट, यंत्रे, नेपथ्य सारे वजा करीत गेल्यावर शेवटी नट आणि प्रेक्षक एवढेच उरतात, आणि तेवढे पुरते, असे मानणारे हे ग्रोटोव्स्की. त्यांचे विचार पुस्तकरूपाने १९६८ साली प्रथम प्रसिद्ध केले तेही बार्बांच्याच प्रकाशनाने.

१९६४ साली बार्बा ऑस्लोला परतले, तेव्हा परक्या देशातून आलेल्या या तरुणाला कोणतेही नाट्यगृह काम देईना. तेव्हा त्यांनी जे केले ते वाचून मी चश्मा काढून ठेवला आणि पुन्हा लावून तोच परिच्छेद वाचला. सरकारी नाट्यशाळेच्या प्रवेशपरीक्षेत नापास झालेल्या उमेदवारांची नावे त्यांनी मिळवली आणि त्या मुलांना एकत्र केले. ज्यांना तज्ज्ञांनी नाकारले होते, अशांचीच ही मंडळी! त्यांतले अनेक लवकरच गळाले, मूठभर राहिले. टोर्गेर वेथाल आणि एल्से मारी लाउक्विक ही त्या पहिल्या मुलांपैकी, आणि ही नावे पुढे दशकानुदशके त्याच कंपनीत दिसतात. शिक्षक ठेवण्यास पैसे नव्हते, म्हणून ज्याला जे थोडेफार येई ते त्याने इतरांना शिकवावे असा रिवाज पडला. एकाला मूकाभिनय येई, दुसरीला बॅले, तिसऱ्याला कसरती. ज्याच्याजवळ जी पुंजी ती त्याने सामाईक खात्यात जमा करावयाची. भागीदारी पेढीचा याहून निर्मळ करारनामा मी तरी पाहिलेला नाही.

दोन वर्षांनी होल्स्टेब्रोच्या नगरपालिकेने या मंडळींना बोलावले. गावाची वस्ती तेव्हा वीस हजारांच्या आसपास होती. गावाबाहेरचे एक जुने शेतघर आणि थोडे अर्थसाहाय्य नगरपालिकेने देऊ केले. याच नगरपालिकेने त्याच सुमारास जाकोमेत्ती या विख्यात शिल्पकाराचे एक स्त्रीशिल्प मोठी रक्कम मोजून विकत घेतले होते आणि त्यावरून गावात पुष्कळ कुरकूर झाली होती. ते शिल्प रात्री जमिनीखालच्या कोठीत उतरवून ठेवतात, असे पुतणीने पुढे स्वतः पाहून सांगितले. शिल्प खरेदी करण्याचा व्यवहार बँकवाल्याला समजतो. वस्तू ताब्यात येते, तिला किंमत असते, ती कुलपात ठेवता येते. परंतु अनोळखी भाषेत बोलणाऱ्या, नाव नसलेल्या, नाट्यशाळेने नाकारलेल्या पोरांना गोठ्याची जागा देणे हा कोणता व्यवहार? यावर मी बराच विचार केला. नगरपालिकेने प्रयोग विकत घेतले नव्हते. त्या मंडळींचे तेथे राहणे तिने विकत घेतले होते.

आणि हे सांगलीकराला नवे वाटू नये. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला तो सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. भाव्यांच्या त्या आख्याननाटकांत पदे रचलेली असत, पण पात्रांची गद्य भाषणे लिहिलेली नसत. कथा समजावून दिली की नट आपापल्या बुद्धीने बोलत. म्हणजे 'लिहिलेलं पुस्तकच नाही असलं नाटक' आमच्या बंधूंच्या पेढीपासून हाकेच्या अंतरावर जन्मले होते. १८५१ मध्ये राजेसाहेब निवर्तल्यावर आश्रय तुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन तिकिटावर गावोगाव हिंडावे लागले. आश्रय आहे तोवर मंडळी एका जागी राहून शिकते, तो तुटला की तिला गल्ल्याकडे पाहावे लागते. दोन्हींत नाटक होतेच, पण तालमीला मिळणारा वेळ सारखा नसतो. हे सारे मी बंधूंना फोनवर सांगितले. ते म्हणाले, "मग सांगलीतच शिकू दे की!"

त्यांचा पुढचा मुद्दा मात्र खरोखर बिनतोड होता. बार्बा १९६३ साली भारतात आले होते. केरळात चेरुतुरुत्ती येथील कलामंडलमध्ये त्यांनी कथकलीचे शिक्षण पाहिले, उजाडण्यापूर्वी उठून निमूटपणे मेहनतीला लागणारी लहान मुले पाहिली, आणि युरोपात परतून कथकलीवर लिहिले. पुढे १९७९ मध्ये त्यांनी नाट्यमानवशास्त्राची आंतरराष्ट्रीय शाळा काढली, तिच्याशी ओडिसी नर्तिका संयुक्ता पाणिग्रही आरंभापासून आपल्या निधनापर्यंत निगडित होत्या. हे ऐकून बंधू म्हणाले, "म्हणजे आपलाच माल तिकडे गेला आणि ही दोन लाख देऊन तो परत आणणार. केरळला जा म्हणावं, रेल्वेचं तिकीट मी काढतो."

पुतणीने यावर दिलेले उत्तर मला आजही पटते. ती म्हणाली, "काका, कथकली शिकायला दहा वर्षं लागतील आणि शेवटी मला कथकली येईल. ती शेकडो वर्षांची बांधलेली वास्तू आहे, मी तिच्यात पाहुणी म्हणून जाईन. मला वास्तू नको, गवंडीकाम शिकायचंय. काहीच नसताना चार माणसं मिळून प्रयोग कसा उभा करतात, ते मला बघायचंय."

कर्ज मिळाले नाही. शेवटी आमच्या मातोश्रींनी आपली एक मुदतठेव मोडली. मुदतीला सात महिने उरले होते, व्याजात कपात झाली. ती पावती मोडण्याच्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही माझी आहे. बंधू दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

ती ऑगस्टमध्ये गेली. कोपनहेगनहून रेल्वेने सुमारे चार तासांचा प्रवास. आजीने खाखरे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती आणि दिवस मावळण्यापूर्वी जेवण्याचे वचन घेतले होते. पहिल्याच फोनवर पुतणीने सांगितले, "आजी, इथे आत्ता सूर्य रात्री नऊच्या सुमाराला मावळतो. तुझा नियम पाळणं इतकं सोपं सांगलीत कधीच नव्हतं." डिसेंबरात तेथे पावणेचारच्या सुमारास अंधार पडतो, हे आजीस सांगण्याचे आम्ही टाळले.

तिने तेथे एक वही लिहिली. ती मी पुढे वाचली, आणि तिने आणलेले बार्बांचे 'द पेपर कनू' हे पुस्तकही चिकाटीने वाचले. पुस्तक कठीण आहे, वही त्याहून मला अधिक उमगली.

जगाच्या निरनिराळ्या देशांतून आलेली माणसे, कोणी नट, कोणी शिक्षक, कोणी विद्यापीठात संशोधन करणारे. सकाळी लवकर शरीराची मेहनत. कंपनीतील एकेक नट वा नटी आपण इतक्या वर्षांत स्वतःसाठी बांधलेली पद्धत दाखवी. दुपारी बार्बांशी बोलणे, रात्री कंपनीचे प्रयोग. आणि रोज झाडलोट. संडास, न्हाणीघर, स्वयंपाकघर, तालमीची लाकडी जमीन सारे पाळीने साफ करावयाचे. यात काही शिक्षा नव्हती. पहिल्या दिवसापासून ओडिनचे नट स्वतःच जमीन पुसत, सामान वाहत, पत्रव्यवहार व हिशेब पाहत आले होते. आमच्या घरी मोलकरीण येत असल्याने पुतणीला फरशी पुसण्याची सवय नव्हती. वहीत तिने लिहिले आहे की तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आले, जी जमीन आपण सकाळी गुडघ्यांवर बसून पुसली तिच्यावर दुपारी पाय टाकताना पाय निराळा पडतो. वाक्य थोडे नाटकी आहे, पण वय बावीस होते.

प्रयोग कसा घडतो, हा या साऱ्या खटाटोपाचा गाभा. आपल्याकडे नाटककार संहिता देतो, दिग्दर्शक ती बसवतो, नट पाठ करतो. इंग्रजीत ज्याला डिव्हाइज्ड थिएटर म्हणतात त्यात ही उतरंड उलटते. दिग्दर्शक एखादा विषय, एखादी प्रतिमा, कधी केवळ एक प्रश्न देतो. नट त्यावर एकट्याने काही करून पाहतो: चालणे, वाकणे, काही उचलणे, कोणाला हाक मारणे. येथवर कोणीही करील. खरे काम पुढे सुरू होते. जे क्षणात सुचले ते नटाने जसेच्या तसे लक्षात ठेवावयाचे, पावलासह, नजरेसह, बोटांच्या वळणासह, आणि दुसऱ्या दिवशी, महिन्यानंतर, वर्षानंतर तंतोतंत तेच करून दाखवावयाचे. असे नटांचे अनेक तुकडे जमले की दिग्दर्शक ते कापतो, लहानमोठे करतो, एकाचा तुकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवतो. शब्द पुष्कळदा नंतर येतात. होल्स्टेब्रोला आल्यावर नटांची भाषा नॉर्वेजियन आणि प्रेक्षकांची डॅनिश अशी अडचण होती. शब्दांवर विसंबता न आल्यानेच शरीर आणि आवाज यांकडे त्यांना वळावे लागले. गैरसोयीतून पद्धत निघाली. बँकेतही बहुतेक चांगल्या पद्धती अशाच निघतात, परिपत्रके मागाहून येतात.

ज्यूलिया व्हार्ली या नटीचे 'द डेड ब्रदर' नावाचे एक प्रात्यक्षिक पुतणीने पाहिले. एका हालचालींच्या मालिकेचे आणि एका मजकुराचे आधी नटीच्या हातून आणि मग दिग्दर्शकाच्या कात्रीतून काय काय होते, हे त्यात पायरीपायरीने उलगडते. पुतणीने वहीत त्यावर सहा पाने लिहिली आहेत. तिला सर्वांत लागलेली गोष्ट अशी की, नटीने जी हालचाल काही एका खाजगी आठवणीतून घडवली, तिचा प्रेक्षकांस दिसणारा अर्थ शेवटी अगदीच वेगळा असतो, आणि नटीने ती आठवण कोणालाही, दिग्दर्शकालाही, सांगण्याची गरज नसते. आठवण तिची राहते, हालचाल सर्वांची होते. आपल्या घरांत मुलींच्या मनातले सारे विचारून घेण्याची जी चाल आहे, ती मला या ठिकाणी आठवली. असो.

तिच्या वहीत कौतुकच आहे असे नाही. आठव्या दिवशी तिने लिहिले आहे: तुकडे सगळे नटांचे, पण कात्री एकाच्याच हातात. पन्नास वर्षे एकच दिग्दर्शक. मग हा समूह कसा? हा प्रश्न बार्बांना विचारावा म्हणून तिने हात वर केला होता, पण वेळ संपली. मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो. मी ज्या भागीदारी संस्थांची खाती पाहिली त्यांत कर्तबगार आणि एकमुखी कारभारी असलेल्या संस्था फार वर्षे टिकत, परंतु कारभारी थकल्यावर गादी कोणाची हा प्रश्न येई. ओडिनमध्ये तोच आला. २०२० च्या अखेरीस बार्बा होल्स्टेब्रोच्या संस्थेच्या संचालकपदावरून दूर झाले, नवा संचालक आला, आणि दोन वर्षांतच ओडिनची मंडळी त्या संस्थेपासून वेगळी झाली. ज्या जागेत आयुष्य गेले तिच्यातून सत्तरीच्या पुढच्या नटांना बाहेर पडावे लागणे, हे ऐकून मला वाईट वाटले, नवल वाटले नाही. वारसनोंदीसंबंधी मी या सदरात वर्षानुवर्षे लिहितो ते काही उगाच नाही.

तिने आणखी एक गोष्ट आणली, आणि तीच पुढे आमच्या घरात शिरली. १९७४ साली ओडिनचे नट दक्षिण इटलीतील कार्पिन्यानो या खेड्यात काही महिने राहिले होते. गावकरी विचारू लागले, तुम्ही नट ना, मग काही करून दाखवा. पैसे घेणे बरे दिसेना आणि फुकट करणेही. तेव्हा ठरले की आम्ही आमचे करून दाखवू, त्याच्या बदल्यात तुम्ही तुमची गाणी, तुमची नृत्ये दाखवा. याला त्यांनी अदलाबदलच म्हटले, आणि नंतर जगभर ते अशी अदलाबदल करीत हिंडले. नाणे येण्यापूर्वीच्या बाजारासारखा हा व्यवहार आहे. एम.कॉम.ला अदलाबदलीचे दोष आम्ही पाठ केले होते, तिचा हा एक गुण पाठ्यपुस्तकात नव्हता.

परत आल्यावर पुतणीने एका सी.ए.कडे अर्धवेळ काम धरले आणि पाच जणांचा गट जमवला. शाळेची एक खोली संध्याकाळी भाड्याने मिळाली. वर्षभर त्यांनी एकही प्रयोग केला नाही. फरशी पुसत आणि उड्या मारीत, असे बंधू म्हणत. मग त्यांना विषय सापडला तो बंधूंच्याच पेढीवर. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्याची पेवे आहेत हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तोंडाशी अरुंद, आत रुंद होत गेलेले खोल खड्डे. त्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहते. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांतली कितीतरी निकामी झाली. पुतणीने वडिलांना एवढेच विचारले की पूर ओसरल्यावर तुम्ही पहिल्यांदा पेवापाशी गेलात तेव्हा काय केले. बंधूंनी उत्तर द्यावयास प्रारंभ केला तो रात्री साडेअकराला थांबले. आठ वर्षांत त्यांनी ते घरात कोणाशीही बोलले नव्हते, माझ्याशीही नाही.

त्या बोलण्यातून पन्नास मिनिटांचा प्रयोग झाला. शब्द फार थोडे. हमालांचे पाठीवर पोते घेण्याचे झुकणे, वासाने माल ओळखण्याची अडत्यांची सवय, पंचनाम्याच्या वेळी कागदावर अंगठा देणारे हात. पहिला प्रयोग हरिपुरात एका वाड्याच्या अंगणात, अदलाबदलीच्या बोलीवर झाला. प्रयोगानंतर गावातल्या सात-आठ म्हाताऱ्या बायांनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. एकीने मध्येच थांबून पुढची ओळ विसरल्याचे सांगितले आणि शेजारणीने ती पुरी केली.

प्रयोगात एक प्रसंग होता. पेव उघडल्यावर आतली हवा घातकी असते, म्हणून माणूस उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहतात. तो विझला तर थांबावयाचे. गटातल्या एका मुलाने दोरीला कंदील बांधून तो सोडल्याचे दाखवले. बंधू पुढच्या रांगेत बसले होते. ते एकदम उभे राहिले. "अरे, असा सोडत नाहीत. दोरीला झोळ पडला तर खालचं काही कळत नाही." मुलगा थबकला. बंधू चपला काढून पुढे गेले, दोरी हाती घेतली आणि एकेक वीत मोजीत सावकाश खाली सोडू लागले. खाली अर्थातच काही नव्हते, शेणाने सारवलेले अंगण होते. पण सारे लोक त्या दोरीच्या टोकाकडे पाहत राहिले. पुतणी कडेला उभी होती, ती पुढे झाली नाही.

नंतरच्या तालमीत त्या मुलाने ती हालचाल बंधूंकडून आठ-दहा वेळा करवून घेतली आणि शिकून घेतली, वितीवितीसह. आजवर त्या प्रयोगाचे अठ्ठावीस खेळ झाले आहेत. हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून आकडा नेमका सांगू शकतो. वरकड खर्च वजा जाता शिल्लक मोडलेल्या ठेवीच्या एकपंचमांशही नाही. गटातल्या पाच जणांपैकी एकजण बंगळुरास नोकरीवर गेला, एकीचे लग्न झाले, तिच्या जागी तिची धाकटी बहीण येते. कात्री कोणाच्या हाती असावी यावरून त्यांच्यात दोनदा कडाक्याचे भांडण झाले. हल्ली प्रत्येक प्रयोगाला ती निराळ्या माणसाकडे देतात. याने प्रयोग सुधारतात असे मला वाटत नाही, भांडणे कमी झाली आहेत.

मातोश्री गेल्या वर्षी निवर्तल्या. ठेवीचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, फक्त एकदा हरिपूरहून परतताना गाडीत म्हणाल्या, "व्याज किती बुडालं रे तेव्हा?" मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

पुढचा खेळ माघातल्या अमावस्येला आहे. बाजार त्या दिवशी बंद असतो, म्हणून तारीख बंधूंनीच ठरवली आहे.